गाठोड्याशेजारची ड्यूटी

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक निवृत्त सरकारी डॉक्टर रामनगरच्या बसस्टँडवर दोन दिवस एका गाठोड्याशेजारी बसून होते. हे आमच्या घरमालकीणबाईंचे थोरले भाऊ. यांच्याइतका कंटाळलेला शिक्षक अख्ख्या जोयडा तालुक्यात सापडणार नाही. ग्रामीण सेवेसाठी येणाऱ्या नव्या डॉक्टरांना, घर नसलेल्या माणसांवर उपचार कसे करायचे ते शिकवण्याचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं आहे. धडा जांभईने सुरू होतो. तयार झालेले डॉक्टर सेवा संपली की शहरात जातात, नवे येतात, आणि तोच धडा पुन्हा. ‘‘मागच्यांना सांगितलं हुतं की,’’ असं ते नव्यांना रागावून म्हणतात. वर्ग बसस्टँडच्या बाकावर भरतो. एका नव्या डॉक्टरने स्टँडवर राहणाऱ्या माणसाला गोळी ‘जेवणानंतर’ घ्यायला सांगितली, तर डॉक्टरांनी त्या नव्याचाच डबा संध्याकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवला आणि, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं ‘तमा’ म्हणत, अधूनमधून विचारत राहिले, ‘‘जेवलास न्हाई अजून? मग गोळी कवा घ्यायची, तमा?’’ काळी छत्री ते उन्हापावसासाठी वापरत नाहीत. ती त्यांचा पडदा आहे. तिच्याआड रोगी तपासायचा. एकदा छत्रीपलीकडे डोकावायला गर्दी जमली, तेव्हा त्यांनी गर्दीतल्या एकेकाची नाडी बघायला घेतली. स्टँड रिकामा झाला.

स्टँडवर राहणाऱ्या एका म्हातारीच्या पायाची जखम चिघळली होती. बेळगावहून नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला घर कुठं म्हणून विचारलं. ‘‘सुप्याला,’’ म्हातारी म्हणाली, ‘‘आता तितं धरणातलं मासं ऱ्हातात.’’ पाय वाचवायचा तर बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात जाणं भाग होतं. ती गाठोडं सोडून हलेना. मागच्या खेपेला एका शिकाऊ डॉक्टरने स्वच्छता म्हणून त्यातलं निम्मं फेकून दिलं होतं, तेव्हापासून तिने कुणालाच पायाला हात लावू दिला नव्हता. आणि गाठोडं वॉर्डात कुणी नेऊ देत नाही.

‘‘सर, चहावाल्याकडे ठेवू या,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

‘‘व्हय? आधी तुझी पर्स ठेव त्याच्याकडं.’’

डॉक्टर जांभई देत गाठोड्याशेजारी बसले.

‘‘झोपशील की रं म्हाताऱ्या,’’ म्हातारी म्हणाली.

‘‘झोपलो तर उशाला घेतो, अव्वा. जा तू.’’

ती गेली. दोन दिवसांनी डॉक्टरांना ताप भरला, तेव्हा त्यांनी छत्री डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली आणि घर गाठलं. बाई दवाखाना आटोपला की बाकावर येऊन बसू लागल्या. त्या नसताना घरमालकीणबाई बसायच्या, भावाला शिव्या देत, शेंगा सोलत. एका संध्याकाळी मीही बसलो. दहा जणांनी विचारलं, कुठली बस?

पायाचं एक बोट गमावून म्हातारी बेळगावच्या बसने परत आली. तिने गाठोडं चहूबाजूंनी दाबून पाहिलं, गाठ तपासली.

‘‘म्हातारा कुठं हाय?’’

‘‘घरी. ताप आलाय.’’

‘‘झोपला असंल,’’ ती म्हणाली. मग बाकावर बसून तिने पट्टी बांधलेला पाय आपण होऊन पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी छत्री उघडली.