एकोणीस तारखा

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. चोरी लहानच होती. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना मालवणजवळच्या एका मच्छीमाराच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात ठेवलेलं होडीचं इंजिन गेलं. मी तेव्हा उपनिरीक्षक होतो.

तिसऱ्या दिवशी खबर आली, आरोंद्याच्या एका मेकॅनिककडे तसंच इंजिन उघडून पडलंय. नंबर जुळला. मेकॅनिकने मिठबावच्या एका तरुण खलाशाचं नाव घेतलं. खलाशी म्हणाला, मालकाच्या भावानेच दुरुस्तीला न्यायला सांगितलं, तो सोबतही होता. बंदीच्या दिवसांत इंजिनं दुरुस्तीला जातातच. पण भावाने साफ नाकारलं. दोन दिवस चौकशी करूनही खलाशाचं बोलणं बदललं नाही. मग त्याच्या पडवीत त्याच इंजिनाची इंधनाची टाकी सापडली आणि माझ्यापुरता तपास संपला.

मेकॅनिकचा जबाब मीच लिहिला. इंजिन कोणी दिलं, ते विचारलं. सोबत आणखी कोण होतं, हे विचारलं नाही. कोर्टात निघेलच, असं वाटलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कागद नीट झाला की काम झालं, असा माझा समज होता. दोषारोपपत्र मुदतीत गेलं, खलाशी जामिनावर सुटला, माझी बदली झाली.

पुढे नऊ वर्षं गेली. माझं साक्षीचं समन्स जुन्या ठाण्यात जायचं आणि ‘बदली झाली’ असा शेरा घेऊन परतायचं. मला मिळालं, तर कधी गणपतीचा बंदोबस्त, कधी निवडणूक. मी तसा अहवाल पाठवून द्यायचो.

शेवटी गेलो तेव्हा खलाशी कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होता. केस पिकायला लागले होते.

“सायबानू, तुमी इलास, बरा झाला. आता काय तो निकाल लागांदे.”

जहाजावरची नोकरी ठरली होती, पण खटला चालू म्हणून पोलिसांचा दाखला मिळाला नाही, असं त्याने सांगितलं. लग्नाची बोलणीही तिथेच अडायची. माझ्यामुळे पुढे गेलेल्या एकोणीस तारखा त्याला पाठ होत्या. प्रत्येक तारखेला तो एसटीने आला होता.

त्याच्या वकिलाने मला विचारलं, मेकॅनिकने दुसऱ्या कोणाला पाहिलं होतं का? मला सांगता आलं नाही. मेकॅनिक दोन वर्षांपूर्वीच वारला होता.

निकालाच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. संशयाचा फायदा देऊन कोर्टाने खलाशाला सोडलं. सुटलास बाबा, असं काहीतरी मी म्हणालो.

“माका सोडल्यानी, सायबानू. पण मी चोर नाय, असा खंय लिवल्यानी?”

इंजिनाचा मालकही तिथेच होता. चोर कोण, हे त्यालाही कळलं नव्हतं.

उरलेल्या नोकरीत मी एकही तारीख चुकवली नाही. त्यात मोठेपणा नाही, उशीरच झाला होता. खलाशाने चोरी केली की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. मेकॅनिकला ठाऊक असावं. तो दोनदा साक्षीला येऊन बाकावर बसला होता. मी हजर नाही, मुद्देमाल आलेला नाही, म्हणून दोन्ही वेळा त्याला न विचारताच घरी पाठवलं.