बुरूज पडतोय, दादा

ही गोष्ट मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो, पाणी प्यायला उठायचो, एकदा तर फोन वाजलेला नसतानाही 'हॅलो, हॅलो' करत अंगणात गेलो होतो... गेल्या महिन्यात पाटणहून भाचीचा फोन आला. "मामा, आई गेली. झोपेतच गेली." मी फोन खाली ठेवला आणि लक्षात आलं, आता विषय बदलावा असं समोर कुणी उरलेलंच नाही.

शालन माझी धाकटी बहीण. शाळा सातवीपर्यंत. नवरा गेल्यावर तिनं पाटणच्या घरात ओसरीवर शिवणयंत्र मांडलं आणि बायकांची पोलकी शिवून मुलगी वाढवली. मापं तिनं कधी लिहून ठेवली नाहीत, सगळी डोक्यात. बाई पायरी चढतानाच ही म्हणायची, "दंडात सैल सोडते गं या टायमाला. म्हायेरी लय खाल्लेलं दिसतंय." बाई लटकं रागवायची, पण पोलकं अंगाला चपखल बसायचं.

तिची नात तेव्हा पुण्याला शिकत होती. एका सुट्टीत ती भविष्य बघायच्या टॅरो कार्डांचा जोड आणि ती कशी वाचावीत हे शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक आजीकडे विसरून गेली. त्या उन्हाळ्यात शालन सांगलीला माझ्याकडे राहायला आली ती हे दोन्ही पिशवीत घालूनच. "दादा, तुमी जलमभर पोरांस्नी इंग्रजी शिकवलं. मला एवढं एक पुस्तक सांगा की."

"या वयात भविष्य सांगणार होय गं तू?"

"भविष्य न्हाई वं. बाया पोलकी टाकायला येत्यात आन तासभर बसून रडत्यात. मी काय बोलू त्यांच्यासंगं? हे चित्र म्होरं ठिवलं की त्या आपसूक बोलत्यात."

ते ऐकून तरी मी तिला गांभीर्यानं घ्यायला हवं होतं. पण मी विज्ञाननिष्ठ माणूस, शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारा. दुपारी जेवणं झाली की पंख्याखाली शालन पत्ते मांडायची आणि मी पुस्तक धरून जांभया द्यायचो. पुस्तकात शिकण्याची रीत दिली होती. रोज एक कार्ड काढा, अर्थ वाचण्याआधी चित्राकडे नीट बघा, काय दिसतं ते मोठ्यानं बोला. हे तिला इतकं जमायचं... कंदील घेऊन उभा असलेला म्हातारा बघून ती म्हणाली, "ह्यो एकटा हाय, पर भ्यालेला न्हाई." सिंहासनावरचा राजा बघून, "ह्यो तर आमचा सरपंच. बूड हलवायचा न्हाई." मी हसायचो, दोन ओळी वाचायचो आणि उरलेलं पानभर लिहिलेलं वाचायचा कंटाळा आला की मनाला येईल ते सांगून मोकळा व्हायचो. मला वाटायचं, मुळात सगळंच थोतांड, त्यात बरोबर काय आणि चूक काय?

एका दुपारी बुरुजाचं कार्ड निघालं. वीज पडून बुरूज फुटलाय, माणसं खाली कोसळतायत. शालनचं लग्नानंतरचं पहिलं बिऱ्हाड कोयनानगरला होतं, भूकंपात भिंती हलताना तिनं पाहिल्या होत्या. ती कार्डाला हात लावेना.

"बुरूज पडतोय, दादा. ह्यात काय चांगलं न्हाई."

माझे डोळे मिटत होते. म्हणालो, "तसं नाही गं. घराचा योग लिहिलाय पुस्तकात. चांगलं कार्ड आहे."

ती कितीतरी वेळ चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय का? तुमी म्हणताय म्हंजी आसंल." आणि स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलं तिनं पुसून टाकलं.

पुढच्या वर्षी तिच्या शेजारच्या इंदूचा नवरा कराडच्या दवाखान्यात होता. इंदूनं कार्ड काढलं, बुरूज आला. शालननं तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, "घराचा योग हाय बग. घरी येतोय त्यो." तो आला नाही. इंदू पोलकी दुसरीकडे टाकायला लागली.

त्यानंतर साताऱ्याला एका लग्नाला गेली असताना शालनला स्टँडसमोरच्या दुकानात टॅरोचंच एक मराठी पुस्तक मिळालं. आठवड्याच्या आत ते घेऊन ती माझ्या दारात उभी. चेहरा उतरलेला.

"दादा, माझ्या डोस्क्याला कायतरी झालंय. तुमी एवढं नीट सांगितलं हुतं, आन मी निम्मं उलटंच ध्यानात ठिवलं. बुरुजाला मी घर म्हणून बसले... इंदूला मी काय सांगितलं वं हे!"

एक वाक्य पुरलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण समोर ती बहीण होती, जी पाटणात सांगत फिरायची की आमच्या दादाला समदं येतं. मी म्हणालो, "असू दे गं. वय झालं आता. होतं असं."

माझ्या 'वय झालं'वर तिनं जसाच्या तसा विश्वास ठेवला, बुरुजाच्या अर्थावर ठेवला होता तसाच. कार्डं बांधून ठेवली. मग ती मापं दोनदोनदा घ्यायला लागली, कापड अंथरून कात्री हातात घेऊन नुसतीच बसायला लागली. भाचीनं डॉक्टरला दाखवलं. ते म्हणाले, काही झालेलं नाही. शालनला ते पटलं नाही. एक दिवस तिनं यंत्र, टेप, कात्री सगळं गल्लीतल्या एका पोरीला देऊन टाकलं. "कुणाचं तरी कापड नासायचं माझ्या हातनं," म्हणाली. मला हे फोनवर कळलं. मी 'बरं' म्हणालो.

गेल्या भाऊबीजेला मात्र मी ठरवून गेलो. कराडहून पाटणपर्यंत एसटीत तेच एक वाक्य मनाशी घोळवत होतो. ओसरीवर यंत्राची जागा रिकामी होती, तिथंच पाट मांडलेला. तिनं ओवाळलं. मी तोंड उघडलं... आणि ताटात नोट घातली.

"कायतरी बोलणार हुता का दादा?"

"नाही गं. करंज्या छान झाल्यात."

ती हसली. "मीठ घालायचं इसरले असंन त्यात बी."

तेराव्याला भाचीनं मला एक पिशवी दिली. पोलक्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, शालननं शिवलेली. आत ती कार्डं. आता दुपारी जेवणानंतर मी झोपत नाही. पंखा लावतो, एक कार्ड काढतो, आधी चित्र बघतो आणि काय दिसतं ते मोठ्यानं बोलतो. काल बुरूज आला. बराच वेळ बघत बसलो, आणि जे त्या पाटावर बोलायचं होतं ते पंख्याखाली बोललो... शालन, तू काही विसरली नव्हतीस. तुला पहिल्याच दिवशी बरोबर दिसलं होतं. चुकीचं मी सांगितलं.