सहाव्या खुंटीपाशी वाकलेली रेघ

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. म्हणून आधी माझी चूक सांगतो, कारण तिच्याबद्दल तरी मला शंका नाही. त्र्याहत्तर साली, दुष्काळी कामांच्या दिवसांत, मी एका सरकारी फॉर्मवर एक शब्द न पाहता लिहिला — 'निरंक'.

मी ओव्हरसिअर. इंझोरीच्या पुढच्या एका गावाला सरकारी अनुदानातून पाझर तलाव मंजूर व्हायचा होता. मंजुरीआधी जागा पायी फिरून फॉर्म भरायचा असतो... तलावाच्या पाळीखाली मोठी झाडं, देऊळ, कबर, जुनी विहीर असं काही जातं का? मी नाल्यात उतरलोच नाही. सरपंचांच्या ओसरीवर चहा पिता पिता विचारलं. ते म्हणाले, नुसत्या बाभळी आहेत. झालं. लोक कामाची वाट पाहत आहेत, मंजुरी लवकर मिळालेली बरी, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे ऊन फार होतं.

काम सुरू झालं. पायाचा चर खणण्यासाठी खुंट्यांना दोरी ताणून मी स्वतः चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ मारली. मग भाकरीची सुट्टी झाली. दीडशे माणसं पलीकडच्या काठावर, माझ्या डोळ्यांसमोर जेवत होती. परत येऊन पाहतो तर सहाव्या आणि सातव्या खुंटीच्या मधे रेघ वाकलेली! दहा-बारा पावलांचा गोल वळसा, जणू मधे कोणी बसलंय आणि त्याला ओलांडायचं नाही. आधीच्या सरळ रेघेचा कणही शिल्लक नाही. आसपास पाऊलही नाही.

मजुरांत कौतिकाबाई म्हणून साठीच्या एक बाई होत्या, बौद्धवाड्यातल्या. तिथे कुदळ घालू नका, असं त्यांनी सकाळीच मुकादमाला सांगितलं होतं. का, ते विचारायचं मला सुचलं नाही. आता मात्र मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर आळ घेतला. खोटारड्या म्हणालो.

त्यांनी डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. "रेघ तुमी मारली, सायेब. वाकवाले आमच्यापाशी कुठून आला चुना?"

माणसं हसली. मी चिडलो आणि दोन दिवस कामावर येऊ नका म्हणून त्यांना घरी पाठवलं. तसल्या दुष्काळात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सरळ रेघ मारली. सुट्टीत जेवलो नाही, सातव्या खुंटीजवळच्या दगडावर बसून राहिलो. चष्म्यावर धूळ बसली होती, ती रुमालाने पुसली — तेवढाच काय तो वेळ. चष्मा डोळ्यांवर चढवला तर रेघ वाकलेली. तोच वळसा, तेवढाच. वारा नव्हता, बाभळीची शेंगसुद्धा हलत नव्हती.

मुकादम रेघेजवळ येऊन उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "आता कोनाले घरी पाठोता, सायेब?"

मी उठलो आणि बौद्धवाड्यात गेलो. कौतिकाबाई दारात रेशनवरची मिलो ज्वारी निवडत होत्या.

"आता पुसाले आले? फारम भरतानी पुसाव लागत होतं."

मग त्यांनी सांगितलं. त्या बाभळींखाली दगडी पायऱ्यांची जुनी बारव आहे, गाळाने बुजलेली. एके काळी सगळं गाव तिथे पाणी भरायचं. त्यांच्या आईला मात्र पायरीवर पाय ठेवू देत नसत. ती घागर घेऊन काठावर उभी राहायची, कोणी ओतलं तर ओतलं.

मग ती विहीर गाडली गेली तर तुम्हाला काय, असं मी विचारलं. आज ते विचारल्याचीही लाज वाटते.

"माह्या मायले पायरीवर उभं राहू देल्लं नाई, मनून का पायऱ्याच पुरून टाकाच्या? बांधनाऱ्यानं काय वाईट केलं? काम बंद पडलं तं लोक मले शिव्या देतीन. देऊ द्या."

त्यांनाच सोबत घेऊन वळशाच्या आत खणलं. दोन हातांवर पहिली पायरी लागली. दगडाला दगड असा भिडवलेला, की माझ्या खिशातल्या पोस्टकार्डाची कडही सांध्यात शिरेना. नवव्या पायरीवर माती ओली लागली... त्या वर्षी! नंतर मोजलं, तर चुन्याचा वळसा बारवेच्या कडेपासून सगळीकडे बरोबर एक हात दूर होता.

त्याच दिवशी मी वरिष्ठांना लिहून कळवलं की माझा अहवाल खोटा आहे, मी जागा पाहिली नव्हती. सेवापुस्तकात ताशेरा आला, तो योग्यच होता. पाळ वरच्या अंगाला सरकली. तोवर मजुरांना दुसऱ्या टोकाला काम दिलं, एकही माणूस परत गेला नाही.

रेघेबद्दल पुष्कळांना विचारलं. एक इंजिनिअर म्हणाले मुंग्या, दुसरे म्हणाले ऊन लागलं असेल. मला आजही काही सांगता येत नाही. फॉर्ममधल्या प्रश्नाचं उत्तर जमिनीवर लिहिलं गेलं होतं, एवढंच मी पाहिलं.

सरकारची माफी मी लगेच मागितली. बाईंची मागायला चार वर्षं लागली. गेल्या उन्हाळ्यात गेलो, तेव्हा गावाने गाळ काढून बारव मोकळी केली होती. कौतिकाबाई खालच्या पायरीवर उभ्या राहून घागर भरत होत्या. मी काठावर चपला काढल्या. पाणी भरणाऱ्या बायका थांबून बघू लागल्या. बरंच झालं, आळही मी चारचौघांतच घेतला होता.

"कौतिकाबाई," मी हात जोडून म्हणालो, "मी न पाहता लिहिलं, न विचारता तुम्हाला खोटं ठरवलं, आणि दुष्काळात कामावरून घरी पाठवलं. खोटारडा मी होतो. मला माफ करा."