गांबियाचे उच्चायुक्त, मुक्काम साकीनाका

साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या गाळ्याच्या डोक्यावर, एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. इंग्रजी माहितीपटांचं मराठी करून मी तिथे देते. खालचं मशीन सुरू झालं की रेकॉर्डिंग थांबतं. मशीन थांबलं की आम्ही पुन्हा सुरू करतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे जो माहितीपट आला, त्याचा विषय होता गांबियातल्या ब्रिटिश वकिलातीचा इतिहास. गांबिया म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला, एका नदीच्या दोन्ही काठांना धरून पसरलेला चिंचोळा देश. आमची उपनगरं रेल्वेला धरून पसरलीत, तसा. पूर्वी तिथे ब्रिटिशांचा गव्हर्नर राज्य करायचा. देश स्वतंत्र झाला आणि ब्रिटनचा उच्चायुक्त आला. पुढे कधीतरी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रकुल सोडलं, त्याबरोबर त्याच कचेरीतला साहेब राजदूत झाला. मग राष्ट्राध्यक्ष बदलले, देश राष्ट्रकुलात परतला आणि साहेब पुन्हा उच्चायुक्त. माणूस तोच, काम तेच. पाटी तेवढी बदलत राहिली.

निवेदनाला आमचे नेहमीचे ज्येष्ठ नट होते. पौराणिक मालिकांतले निम्मे असुर त्यांच्या आवाजात बोललेत. आवाज असा की त्यांनी ‘चहा आण’ म्हटलं तरी कुणालातरी शाप दिल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी स्टुडिओत संहिता चाळताना ते ‘उच्चायुक्त’ या शब्दाला अडकले.

“ताई, हा आपल्या महापालिकेच्या आयुक्तांचा साहेब का?”

मी समजावलं. स्वातंत्र्यानंतरही सुरुवातीला बऱ्याच देशांची राणी ब्रिटनचीच होती. राणी स्वतःच्याच दरबारात स्वतःचा दूत कसा पाठवणार? म्हणून राष्ट्रकुलातल्या देशांसाठी आपसात वेगळा शब्द आला. घरच्या माणसाला आपण पत्रिका देत नाही, नुसतं ‘या’ म्हणतो, तसंच. त्यावर ते म्हणाले की त्यांच्या चुलतभावाने पत्रिका दिली नाही म्हणून ते त्याच्या मुलीच्या लग्नाला गेले नव्हते. मग ‘च्चा’वर जीभ अडखळते, प्रेक्षकाला कळत नाही, राजदूत हा कसा भारदस्त शब्द आहे, अंगदसुद्धा रावणाकडे दूत म्हणूनच गेला होता, अशी तासभर वादावादी झाली. शेवटी मी हट्ट सोडला नाही आणि ते “बरं” म्हणाले. मला वाटलं, पटलं.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या दिवशी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून मी मुलुंडहून हलले नाही. काम झकास झालं, असा नटांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी जाऊन मी हेडफोन लावले. सुरुवातीला गव्हर्नरसाहेब ठीकठाक गेले. पुढे एकही उच्चायुक्त नाही. पठ्ठ्याने सरसकट राजदूत करून टाकला होता. आणि शेवटाकडे, भरदार आवाजात, योग्य जागी थांबून, ते म्हणत होते: “त्या दिवसापासून राजदूत हे राजदूत राहिले नाहीत. ते पुन्हा राजदूत झाले.”

आमची साऊंड रेकॉर्डिस्ट घाटकोपरची, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि डोकं कायम थंड. मी तिला विचारलं, तू त्यांना थांबवलं नाहीस? ती म्हणाली, थांबवणार होती, पण ते वाक्य त्यांनी इतकं छान म्हटलं की क्षणभर तिलाच वाटलं, यात काहीतरी खोल अर्थ असणार.

फिल्म दुसऱ्या दिवशी द्यायची होती. नट नाटकाच्या दौऱ्यावर विदर्भात. फोन लावला तर त्यांचा घसा बसलेला. ते कसेबसे कुजबुजत सॉरी म्हणाले. म्हणजे आमची पुरती वाट लागली होती.

मी कपाळाला हात लावून बसले होते, तेव्हा रेकॉर्डिस्ट म्हणाली, “ताई, तुम्ही पहिल्या दिवशी भांडलात ना, तेव्हा माइक चालू होता.”

आम्ही ते भांडण ऐकलं. त्यात उच्चायुक्तच उच्चायुक्त होते. एक चिडलेला, एक खवचट, दोन दमलेले, आणि चहा आल्यानंतरचा एक अगदी शांत. आम्ही बाजारात भाजी निवडावी तसे ते निवडायला बसलो. स्वातंत्र्याच्या प्रसंगाला चहानंतरचा शांत लावला. देश राष्ट्रकुलाबाहेर पडतो तिथे चिडलेला. परत येतो तिथे दमलेला, आणि तो तर चपखल बसला.

एकच जागा राहिली: ‘उच्चायुक्ताच्या निवासस्थानी मेजवानी झाली.’ भांडणात ‘उच्चायुक्ताच्या’ एकदाच आलं होतं, आणि ते होतं “उच्चायुक्ताच्या नानाची टांग.” मी म्हटलं, हे जाऊ दे गं. ती ऐकेना. नानातला पहिला न आणि निवासस्थानातला न तिने असे जोडले की सांधा दिसेना. फक्त मेजवानीला निघालेल्या माणसाचा आवाज मारामारीला निघाल्यासारखा येत होता.

फिल्म पाठवली. चार-पाच दिवसांनी ज्यांनी काम दिलं होतं त्यांच्या तपासनिसांचा अभिप्राय आला. हे गृहस्थ चेंबूरचे, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. भाषांतर काही ठिकाणी शब्दशः झालं आहे, असं त्यांचं मत पडलं. निवेदनाबद्दल मात्र त्यांनी भरभरून लिहिलं होतं. उच्चायुक्त या एका शब्दाच्या उच्चारातून निवेदकाने साम्राज्याविषयीचा जो सूक्ष्म उपरोध व्यक्त केला आहे, तो विषयाच्या सखोल अभ्यासाशिवाय येत नाही, असं त्यांना वाटत होतं.

नट दौऱ्यावरून परतले तेव्हा आम्ही त्यांना अभिप्राय वाचून दाखवला आणि फिल्म लावली. ते डोळे मिटून ऐकत होते. मधूनमधून मान डोलवत होते. मेजवानीचं वाक्य आलं आणि त्यांनी डोळे उघडले.

“इथे मी वेगळंच काहीतरी म्हणत होतो ना?”

रेकॉर्डिस्टने खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, आता आमच्यावर शाप पडणार.  पण ते म्हणाले की घसा आता बरा आहे, सगळं नीट पुन्हा बोलून देतो. आम्ही तसं कळवलं, तर प्राध्यापक हादरले. एक अक्षरही बदलू नका, असा त्यांचा निरोप आला.

तेव्हा कुठे नटांचा चेहरा खुलला. त्यांनी बायकोला फोन लावला, आम्हाला मेजवानीचं ते वाक्य पुन्हा वाजवायला सांगितलं आणि फोन स्पीकरपाशी धरला. वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं.

“कुणावर चिडलात एवढे?” त्यांनी विचारलं.

“ब्रिटिश सरकारवर,” नट म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.