उघड्या तळव्याची थाप

आमच्या ह्यांना कामावर सगळे ‘लोणी’ म्हणतात. दिसण्यात लोण्याशी काही संबंध नाही. काळे, हाडकुळे, सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तोंडावर बारा वाजलेले. पण अ‍ॅम्ब्युलन्स अशी चालवायचे की मागे झोपलेल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. ‘शेवटी टेम्पोच तो,’ म्हणायचे, ‘फक्त ह्यातला माल कण्हतो, एवढाच फरक.’ मला असलं बोलणं आवडत नाही. पण दिवसभर जे बघतात ते बघून माणसानं घरी येऊन काय प्रवचन द्यायचं का?

अशा माणसाला सहा वर्षं गाडी चालवू दिली नाही. धुवायला दिली, चाकात हवा भरायला दिली, बॅटरी तपासायला दिली. किल्ली मात्र दुसऱ्याच्या हातात. निवृत्तीआधी ह्यांना पुन्हा स्टिअरिंगवर बसलेलं बघायचं, एवढाच ध्यास मी घेतला होता. तो पुरा झाला, हे आधीच सांगून टाकते. कसा झाला ते ऐका, मग पेढे मागा.

लग्नात मी ह्यांच्या घरी दोन ट्रंका आणि एक भाऊ घेऊन आले. आई गेली तेव्हा धाकटा शाळेत होता आणि त्याला बघणारं दुसरं कोणी नव्हतं. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. दोन खोल्यांचं घर, त्यातली खिडकीची जागा धाकट्याला. नवी चादर आली की धाकट्याला, ताटातला मोठा तुकडा धाकट्याला. सासूबाई एकदा म्हणाल्या, ‘सूनबाई, आमच्या मुलाशी लग्न केलंस की भावाशी घर मांडलंस?’ मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्याला जरा काही झालं की माझा जीव खालीवर व्हायचा, त्याला मी काय करणार?

शिकून झाल्यावर धाकटा नुसता भटकायला लागला. ह्यांनीच साहेबांच्या मागे लागून त्याला अ‍ॅम्ब्युलन्सच्या केंद्रावर घेतलं, शिकवून तयार केलं आणि आपल्याच गाडीवर मागे बसवलं. हे चालवणार, तो पेशंट सांभाळणार. केंद्रावरची माणसं हसायची, पुढेही मेहुणा, मागेही मेहुणा. मला काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू. डबे दोन, पण भरायचे मी एकाच हातानं.

आता त्या गाडीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चालवणारा आणि मागचा माणूस ह्यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असायची. त्यात छोटी खिडकी होती, पण ती कायम जाम. सायरन चालू असला की ओरडून काही ऐकू जायचं नाही, आणि पेशंटच्या शेजारी घरचं माणूस बसलेलं, त्याच्यासमोर सगळं बोलताही यायचं नाही. म्हणून ते पत्र्यावर ठोकायचे. बोटाच्या पेरानं एकदा ठोकलं की हळू घ्या, सुई लावतोय. दोनदा ठोकलं की दामटा. आणि उघड्या तळव्यानं एकच थाप मारली की माणूस गेला. मग पुढच्यानं सायरन बंद करायचा, वेग कमी करायचा, लाल दिव्याला थांबायचं. गेलेल्या माणसासाठी रस्त्यावरच्या जिवंत माणसांना धोक्यात घालायचं नाही, हा त्यांचा नियम. कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे.

एका दुपारी हे एका म्हाताऱ्या शिंप्याला घेऊन निघाले. मशीनवर बसल्या बसल्या कोसळला होता. मागे धाकटा, आणि शिंप्याची मुलगी बापाचा हात धरून, सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे. अर्ध्या वाटेत पत्र्यावर तळव्याची थाप पडली. ह्यांनी सायरन बंद केला, गाडी हळू केली, चौकात लाल दिव्याला उभी केली. मुलगी मागून ओरडत होती, थांबलात का, थांबलात का. हॉस्पिटलात डॉक्टरांनी बघितलं तर शिंपी जिवंत. नाडी बारीक होती, पण होती. जगला तो, पण एक बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर इतकं झालं नसतं.

संध्याकाळी हे घरी आले ते भिंतीला टेकून खालीच बसले. मला एवढंच म्हणाले, ‘थाप पडली गं. मी ऐकली.’

मुलीनं तक्रार केली, आणि बरोबरच केली. मीही केली असती. चौकशी बसली. धाकटा तोवर लग्न करून वेगळा राहत होता, त्याला मी घरी बोलावून विचारलं. तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, ‘ताई, मी हात लावला नाही पत्र्याला. भाऊजींना भास झाला असेल. वय होतं माणसाचं.’ माझं डोकं चालेना. एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ, आणि दोघंही खोटं न बोलणारे. निदान मी तसं धरून चालले होते.

चौकशीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. हे बाहेर आले आणि म्हणाले, ‘ऐकण्यात माझी चूक झाली असेल, असं सांगितलं.’ मी म्हटलं, ‘असेल म्हणजे? परवा तर ऐकली म्हणत होतात.’ त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी गप्प बसले. त्या दिवसापासून त्या विषयावर त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

मी आपली भोळी. मला वाटलं, खरंच ह्यांचे कान गेले. चांगल्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, टिंग वाजलं की बटण दाबायचं. डॉक्टर म्हणाले, ‘हे कान विशीतल्या पोराचे आहेत.’ मी म्हटलं, मग सायरनमुळे झालं असेल. जिन्यात हे मध्येच थांबले, माझ्याकडे वळून म्हणाले, ‘झालं तुझं समाधान?’ मला तो स्वर झोंबला, पण वाटलं, पुरुष माणूस, कान तपासायला नेलं म्हणून चिडला असेल.

सहा वर्षं अशी गेली. घरात भांडण नाही की तंटा नाही. आधी हे कसे होते, भाजीत मीठ कमी पडलं तरी दोन वाक्यं ऐकवायचे, मी चार ऐकवायचे, आणि मग दोघं हसायचो. आता मीठच घातलं नाही तरी निमूट जेवायचे. ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथं’. मी म्हणायचे, गाडी गेली म्हणून माणूस खचला. धाकटा तोवर वर चढला होता, नव्या भरती झालेल्यांना शिकवायला लागला होता. त्याची दोन मुलं माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. तो घरी आला की हे चप्पल घालून बाहेर जायचे, आणि मी मनात म्हणायचे, बघा, जळतात.

मग केंद्रावर नवीन रेस्क्यूची गाडी आली. ट्रकएवढी मोठी, पुढे ओढायचा दोर, वर शिडी, कुशीला कप्पे, पत्रा कापायची हत्यारं. नव्या साहेब म्हणून एक मॅडम आल्या होत्या. उमेदीच्या काळात त्या ह्यांच्या गाडीत मागे बसलेल्या. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, ‘ही गाडी मला तुमच्याच हातात द्यायची आहे. पण त्या चौकशीचा डाग आहे. मागे बसलेला माणूस काही वेगळं सांगणार असेल, तर मी ते प्रकरण पुन्हा काढते.’

हे मला स्वतः सांगणार होते थोडेच. शेजारच्या ड्रायव्हरच्या बायकोनं सांगितलं. मी घरी आले तर हे दारात बूट पुसत बसलेले. मी म्हटलं, ‘अहो, धाकट्याला सांगते ना मी. कोणाची चूक नव्हती, सायरनच्या आवाजात काही कळलं नाही, एवढं त्यानं बोलावं. माझा शब्द तो मोडणार नाही.’

हे बूट पुसतच होते. ‘आता कशाला?’ म्हणाले. ‘तेव्हा तूच सांगितलंस ना अंगावर घ्या म्हणून. मी घेतलं. आता पुन्हा नाटक नको.’

‘मी? मी काय सांगितलं?’

मग त्यांनी सांगितलं. चौकशीच्या आदल्या दिवशी धाकटा शेडमध्ये आला होता. रडला. थाप मारल्याचं कबूल केलं, नाडी सापडली नाही, घाबरून मारली म्हणाला. जिवंत माणसाला मेलेला ठरवला म्हणून मला कायमचं काढतील, तुम्हाला फार तर गाडीवरून उतरवतील. आणि मग म्हणाला, ‘ताईचा निरोप आहे. तुम्ही अंगावर घ्या, माझी मुलं लहान आहेत. तिला तुमच्या तोंडावर सांगायची लाज वाटते. तुम्हीही तिला विचारू नका, म्हणून सांगितलंय तिनं.’

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्याला मी बोटाला धरून चालायला शिकवलं, त्यानं माझंच नाव वापरून माझ्या नवऱ्याला खाली बसवलं. आणि ह्यांनी? ह्यांनी सहा वर्षं माझ्या हातचं जेवण केलं, हे मनात ठेवून. मी कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले तेव्हा ह्यांना वाटत होतं, बाई काय सोंग करते. मी मायेनं विचारपूस करायचे, तेव्हा ह्यांना वाटायचं, आतून कशी आहे ते मला माहीत आहे.

‘एकदा विचारायचं तरी,’ मी म्हटलं.

‘तू हो म्हणाली असतीस तर?’ ते म्हणाले. ‘मग एका घरात राहायचं कसं?’

मी तशीच केंद्रावर गेले. धाकटा वर्गात रबराच्या पुतळ्याची छाती दाबून दाखवत होता. मला बघून हसला. मी त्याला बाहेर बोलावलं. भाऊजींनी सांगितलं म्हटल्यावर त्याचं हसणं उतरलं, पण शरम? शरमेचा पत्ता नाही.

‘ताई, मी तुला विचारलं असतं तर तू तेच म्हणाली असतीस,’ तो म्हणाला. ‘माझ्यासाठी तू नाही म्हणाली असतीस का कधी? मी फक्त तुझा त्रास वाचवला.’

‘मग विचारायचं होतंस रे मेल्या,’ मी म्हटलं. ‘कदाचित म्हणाले असते. कदाचित तुझ्या थोबाडीत दिली असती. पण ते माझं मी केलं असतं. हे माझ्यावर ओरडले असते, मी त्यांच्यावर ओरडले असते, आणि एक दिवस ते भांडण संपलं असतं. तू मला ते भांडणसुद्धा करू दिलं नाहीस.’

‘मुलांकडे बघ ताई.’

‘बघते ना. त्या शिंप्यालाही एक मुलगी आहे.’

मॅडमची खोली त्याच व्हरांड्यात होती. मी त्याचं मनगट धरलं, तो शाळेत असताना धरायचे तसंच, आणि दारात नेऊन उभा केला. म्हटलं, तू बोल, नाहीतर मी बोलते, आणि मी बोलले तर ह्या जन्मात तुला बहीण नाही. तो बोलला. खाली मान घालून, पण सगळं बोलला.

त्याला नोकरीतून काढलं नाही. शिकवणं काढून घेतलं, वरिष्ठांच्या हाताखाली पुन्हा पहिल्यापासून. मॅडम स्वतः ह्यांना घेऊन शिंप्याच्या मुलीकडे गेल्या. ती ह्यांना रस्त्यात बघून तोंड फिरवायची, तिनं म्हणे पाणी दिलं. भावजय आता मला फोन करत नाही, मुलंही येत नाहीत. मला मुलांची आठवण येते, हे का लपवू? फार येते.

आणि ह्यांना गाडी मिळाली. पहिल्या दिवशी दुपारी मला केंद्रावर घेऊन गेले. कप्पे उघडून दाखवले, शिडी वरखाली करून दाखवली. सहा वर्षांत बोलले नसतील इतके एका दमात बोलले. मग मला उचलून चढवल्यासारखं करून शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. किती शोभत होते म्हणून सांगू. मला हेच बघायचं होतं.

तेव्हा मी विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं, पण माझा स्वभाव तसा नाही.

‘अहो, खरं सांगा. धाकटा म्हणाला ना, ताईचा निरोप आहे म्हणून. तेव्हा तुम्हाला नवल वाटलं का? क्षणभर तरी वाटलं का, की ही असं म्हणायची नाही?’

त्यांनी समोरच्या काचेतून बाहेर बघितलं. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. चौकशीतसुद्धा ‘चूक झाली’ म्हणाले नाहीत, ‘झाली असेल’ म्हणाले.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘नवल नाही वाटलं.’

तेवढ्यात फोन खणखणला, कुठेतरी भिंत कोसळली होती, माणसं धावत गाडीकडे आली. मला उतरायला हवं होतं. पायरी उंच होती. त्यांनी हात पुढे केला. मी दांडा धरून उतरले.