रॉन-सानने शिकवलेलं काम

टोकियोशेजारच्या या अख्ख्या उरायासूत माझ्याइतकं फाडफाड जपानी बोलणारा दुसरा मराठी आचारी नाही. रॉन-सान गेला हे सांगायला त्याच्या बायकोनं, केइको-साननं फोन केला, तेव्हा मला त्यातलं 'रॉन', 'रविवार' आणि 'घरी या' एवढंच कळलं. मी सगळ्याला "हाय, हाय" म्हणजे "हो, हो" म्हणत राहिलो आणि रविवारी लाल फुलाफुलांचा शर्ट घालून, गुलाबजाम घेऊन, वाढदिवस असणार असं समजून पोचलो. दार उघडलं तर आत सगळी माणसं काळ्या कपड्यांत, समोर रॉन-सानचा फोटो, उदबत्ती… आणि दारात मी, दात काढून उभा. केइको-साननं स्वतःची काळी शाल आणून माझ्या खांद्यावर टाकली आणि मला आत घेतलं. रॉन-सान झोपेतच गेला होता. आज त्याला दीड महिना होईल.

तर हा रॉन-सान, आपल्या भाषेत रॉनराव, म्हणजे साठीतला अमेरिकन, उंच इतका की आमच्या हॉटेलात शिरताना मान वाकवायचा. बायको जपानी, म्हणून इथं येऊन राहिलेला, लहान पोरांना इंग्रजी शिकवायचा. आमचं हॉटेल स्टेशनच्या मागं. बाहेर नान आणि बटर चिकनचे फोटो, आणि आतून मराठी घरांना डबे. मी सातवीत दोनदा नापास, इंग्रजीचा न् माझा संबंध नाही. त्याला मराठी येत नाही. म्हणून आम्ही दोघं मोडक्या जपानीत बोलायचो. पहिल्यांदा आला तो मेनूकार्ड बाजूला सारून म्हणाला, "ते पिवळं, घट्ट, लसणाचं. नानबरोबर नको." मला वाटलं, हा डाळ मागतोय. तीनदा डाळ दिली, तीनदा परत केली. शेवटी मी स्वतःसाठी केलेलं पिठलं त्याच्या नजरेस पडलं आणि तो खुर्चीतून उठलाच! म्हणलं, तुला हे कुठनं माहीत? तर म्हणाला, "निखिलच्या डब्यात असायचं."

निखिल कोण, ते पुढं कळलं, आणि तेही माझ्याच शहाणपणामुळं. एका शनिवारी आमचे जोशीसाहेब आले होते. पुण्याचे, कॉम्प्युटर इंजिनिअर, टोकियोच्या कोतो भागात राहतात. मी मोठ्या रुबाबात ओळख करून दिली, "साहेब, हे रॉन-सान, अमेरिकेत कॉम्प्युटरवालेच होते. तुम्हीपण होता ना तिकडं? बसा एकाच टेबलावर!" बसले. इंग्रजीत सुरू झालं. मी वाढत होतो आणि दोघांची दोस्ती लावली म्हणून खुशीत होतो. थोड्या वेळानं जोशीसाहेब हात धुवायच्या निमित्तानं आत आले, कान लाल.

"दत्ता, तुला कोणी सांगितलं होतं रे?"

"काय झालं साहेब?"

"मी म्हटलं, आम्ही तिथे एका विमा कंपनीचं ट्रान्झिशन केलं. म्हणजे त्यांच्या लोकांकडून काम शिकून घेतलं. तर तो म्हणाला, ते लोक म्हणजे मी."

कंपनी वेगळी होती, पण गोष्ट तीच. नंतर रॉन-साननंच मला ती सांगितली. रॉन-सान आयुष्यभर एकाच ऑफिसात होता. एक दिवस साहेबानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, तुमचं काम आता बाहेरची कंपनी करणार, त्यांची माणसं व्हिसावर येतील, त्यांना सगळं शिकवा. शिकवलं तर जाताना पैसे मिळतील, नाही शिकवलं तर तसेच जा. याच्या वाट्याला आला निखिल. पुण्याचा, नवीन लग्न झालेला, थंडीत पातळ जाकीट घालून कुडकुडणारा. जेवायच्या सुट्टीत अर्धा डबा याच्यापुढं सरकवायचा. शेवटच्या दिवशी ऑफिसनं केक आणला. एकच केक, जाणाऱ्यांसाठीही आणि येणाऱ्यांसाठीही. केक खाऊन रॉन-सान निघाला तर त्याचं कार्ड आधीच बंद केलेलं, दार उघडेना. मग निखिलनं आपलं कार्ड लावून त्याला बाहेर सोडलं. "मान खाली घालून उभा होता," रॉन-सान म्हणाला. "आणि मी त्याला थँक्यू म्हणालो. सवयीनं."

जोशीसाहेब त्या दिवशी अर्धं ताट टाकून उठले. जाताना मला म्हणाले, "मी नसतो गेलो तर दुसरा गेला असता. माझा व्हिसा कंपनीच्याच हातात होता. नाही म्हटलं असतं तर पहिल्या विमानानं परत." मी हे रॉन-सानला सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. निखिलचंही तेच होतं. ज्यानं हे ठरवलं, ज्याच्यावर चिडायचं, तो आमच्या मजल्यावर कधी आलाच नाही. समोर रोज निखिल बसलेला… आणि त्याचा डबा."

मग आमच्या हॉटेलात थापा आला. नेपाळचा, माझ्याच वयाचा, बायकापोरं गावाकडं ठेवून आलेला. शेठ म्हणाले, "दत्ता, याला सगळं शिकव." मी तर हवेतच! नवीन एप्रन घेतला, आरशात बघून स्वतःला हेडशेफ म्हणालो. शनिवारी रॉन-सानला सांगितलं, आता माझ्या हाताखाली माणूस आहे. त्यानं चमचा खाली ठेवला.

"शेठ काय म्हणाले? 'सगळं' म्हणाले?"

"हो. सगळं."

"मलाही माझे साहेब तेच म्हणाले होते."

मी हसलो. म्हणलं, तुझं कॉम्प्युटरचं काम, ते कुणीही उचलेल. माझ्या हाताची चव कोण नेणार? तो म्हणाला, "मीपण हेच म्हणायचो." तेव्हा माझं हसू जरा आटलं. विचारलं, मग काय करू, लपवून ठेवू? फोडणीचं खोटं सांगू? तो म्हणाला, "मी ठरवलं होतं लपवायचं. पण निखिल विचारायचा आणि उत्तर तोंडातून निघून जायचं. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं ना, मी नक्की काय करतो ते."

माझं तसंच झालं. थापानं विचारलं, दादा, बेसन कधी टाकायचं, आणि मी तासभर बोललो. रॉन-सान गेल्यावर पंधरा दिवसांनी शेठ म्हणाले, थापा तयार झालाय, तू दुसरी जागा बघ. केक नव्हता, तेवढं बरं. आता शेजारच्या इचिकावा शहरात एका गाववाल्याच्या खोलीवर पडून आहे. आचाऱ्याचं काम लवकर मिळालं नाही तर व्हिसा जाईल. जोशीसाहेबांनी चार ठिकाणी शब्द टाकलाय. बघू.

परवा केइको-सानकडं गेलो, या वेळी पांढऱ्या शर्टात. रॉन-सानचा चष्मा अजून खिडकीत आहे, पोरांच्या वह्यांवर. मी रडवेला होऊन म्हणलं, नोकरी गेली, पण एक समाधान आहे. माझ्या हातचं पिठलं त्याला शेवटपर्यंत मिळालं.

केइको-सान मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलली.

"शेवटी शेवटी तुम्ही नसताना तो थापा-सानचं मागायचा. तुमचं खारट असायचं."