बेल्ट राहू दे

“तू नगं. लांब हो जरा.”

शेठच्या आई एवढंच बोलल्या. माझं बोट कुंकवाच्या करंड्यात होतं. ते मी तसंच बाहेर काढलं. मग त्यांनी आंब्याच्या पानानं माझ्या मिलिंग मशीनवर गोमूत्र शिंपडलं. लेथवर नाही, ड्रिलवर नाही. फक्त माझ्या मशीनवर.

खंडेनवमी होती. पौड रस्त्याला आमचं वर्कशॉप. तिथली रीत अशी, की जो मशीन चालवतो त्यानंच त्याला टिळा लावायचा, हार घालायचा. मी कातकरी. इतकी वर्षं तिथं झाडू मारला, लोखंडाचा कीस उचलला, बघून बघून काम शिकलो. यंदा पहिल्यांदा मशीन माझ्या हाती आलं होतं. आमच्या वाडीत आजवर कुणाच्या हाती आलं नव्हतं. बायकोनं झेंडूचा हार ओवून दिला होता. त्या टिळ्याची मला केवढी हौस होती, काय सांगू.

त्याच सकाळी शेठ म्हणाले होते, “बेल्ट घसरतोय. पूजेच्या आदी बदल. बंद मशीन पुजायचं न्हाई.”

मीच बदलला. वरची मोटर साखळीनं उचलून बाजूला घेतली. वेग कमीजास्त करणारा तो रुंद बेल्ट पुलीच्या दोन चकत्यांमध्ये बसतो. चकत्या स्प्रिंगच्या जोरानं दाबलेल्या. जरा चुकलं की बोट गेलं. कोपरापर्यंत हात आत घालून जुना काढला, नवा बसवला. बोटांची सालटी निघाली. मशीन चालू करून वेगाचं चाक फिरवलं. आधी हळू, मग जोरात. कुठं घसरण नाही, खडखड नाही. शेठ माझ्याकडं बघून हसले. मला वाटलं, जिंकलो.

आणि आता टिळा लावायला शेठच्या पुतण्याला पुढं केलं. तो पुण्यात राहतो. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि टिळा लावला.

मी म्हणालो, “शेठ, आतल्या बेल्टलाबी माजाच हात लागलाय. गोमूत्र तितवर जात न्हाई. काढू का बेल्ट?”

कुणीतरी फिसकन हसलं. शेठ म्हणाले, “बेल्ट राहू दे. सणाचा तमाशा करू नगं.”

बेल्ट चालतो. हात नको. माझं डोकं फिरलं. पूजा झाल्यावर त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. मी पाटावरचा पाना कुंकवासकट उचलला आणि मोटरच्या बोल्टला लावला. शेठच्या आई किंचाळल्या. दोघांनी मला मागून धरलं. एक बोल्टसुद्धा सैल झाला नाही.

फाटकाबाहेर काढताना लेथवाला कानात म्हणाला, “येड्या, आमी काय करनार? आमालाबी प्वाट हाय.” रोज माझ्या शेजारी बसून जेवणारा माणूस.

मला कामावरून काढलं. माझ्या जागी लगेच दुसरा आला. मशीन मी घातलेल्या बेल्टवर झकास चालतंय. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. आसपासच्या वर्कशॉपांत बातमी गेली, आता दारातूनच परत पाठवतात. कोळवणला शहरातल्या लोकांच्या बंगल्यांवर गवत कापतो. तेही रोज मिळत नाही. हात काम विसरत चाललेत, आणि त्याची मला भीती वाटते.

बा रोज एकच धरून बसतो, “जा, पाया पड शेठच्या. घेत्याल परत.”

घेतीलही. मला माहीत आहे. काल त्याला शेवटचं सांगितलं.

“बा, त्यांना माजं काम चालतंय, मी चालत न्हाई. मंग आता माजं कामबी त्यांना मिळायचं न्हाई. उपाशी मेलो तरी न्हाई.”